पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या या इंग्लिश बशीवर खड्ड्यात बसलेले दोन सैनिक का आहेत? ती किती जुनी असेल आणि तिची किंमत काय?

तुम्ही लिहिलंय की जुन्या बाजारातल्या एका पथारीवर ही बशी दिसली. चित्र तपकिरी, तोफगोळे फुटताहेत, खड्ड्यात दोन सैनिक छातीपर्यंत रुतलेत, त्यातल्या एकाला झुपकेदार मिशा. खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक ओळ, मागच्या बाजूला ‘स्टॅफर्डशायरच्या मुलीं’बद्दल काहीतरी छापलेलं. खरी आहे का, किती जुनी, किती किमतीची, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की लोक मरत असताना जेवणाच्या भांड्यावर विनोद छापावासा कुणाला वाटला असेल. तो शेवटचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहायला बसले. मी अठरा वर्षं स्टोक-ऑन-ट्रेंट या स्टॅफर्डशायरमधल्या कुंभारकामाच्या शहराजवळ राहते, आणि युद्धातली व्यंगचित्रं असलेली जुनी भांडी हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. उत्तर लांबेल.

आधी साधी माहिती. तुमच्या फोटोतली बशी बेअर्न्सफादरवेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भांड्यांपैकी आहे. स्टोकमधल्या ग्रिमवेड्स कारखान्याने ही भांडी पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात काढली. म्हणजे वय शंभराच्या थोडं पुढे. चित्रं ब्रूस बेअर्न्सफादर यांची. ते व्यवसायाने नुसते चित्रकार नव्हते, रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये अधिकारी होते आणि स्वतः खंदकात राहिलेले होते. त्यांचा जन्म १८८७ साली मरी इथला. आजच्या पाकिस्तानातलं हे थंड हवेचं ठिकाण तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात होतं आणि त्यांचे वडील तिथल्याच फौजेत होते.

आता ती ओळ. ‘वेल, इफ यू नोज ऑफ अ बेटर ’ओल, गो टू इट.’ व्याकरण चुकलंय ते मुद्दाम, कारण बोलणारा साधा शिपाई आहे, लंडनच्या गल्लीतलं इंग्रजी बोलणारा. आपल्या भाषेत आणायची तर मी अशी आणेन: ‘ह्याच्यापेक्षा बरा खड्डा ठावं आसंल तर जा की मग तिकडं!’ शेजारी बसलेला जोडीदार खड्ड्याबद्दल कुरकुरतोय आणि मिशाळ म्हातारा वैतागून त्याला हे ऐकवतोय. हा मिशाळ म्हणजे ओल्ड बिल. चित्र १९१५ मध्ये ‘बायस्टँडर’ साप्ताहिकाच्या नाताळ अंकात आलं आणि साऱ्या इंग्लंडच्या तोंडी झालं. अजूनही इथे कुणी नोकरीबद्दल, घराबद्दल रडगाणं लावलं की घरातलं एखादं वयस्कर माणूस हे वाक्य फेकतं, पुष्कळदा ते कुठून आलं हे ठाऊक नसताना.

त्या चित्रामागची गोष्ट अशी. बेअर्न्सफादर १९१४ च्या हिवाळ्यात बेल्जियममध्ये, प्लोगस्टेर्टच्या जंगलाजवळच्या खंदकात होते. खंदक म्हणजे गुडघाभर चिखलपाणी. नाताळात दोन्हीकडच्या सैनिकांनी आपणहून गोळीबार थांबवला, मधल्या मोकळ्या रानात येऊन एकमेकांना भेटले, त्यात तेही होते. एका जर्मन अधिकाऱ्याशी त्यांनी गणवेशाची बटणं अदलाबदल केली. पुढे एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत जवळच गोळा फुटून ते जखमी झाले, आणि इस्पितळात असताना साप्ताहिकाने दर आठवड्याला चित्र मागितलं. ओल्ड बिल जन्मला तो असा.

तुमच्या बशीवर जर्मन सैनिक कुठेच नाही, हे पाहिलंत का? त्यांच्या या चित्रांत शत्रू बहुधा फक्त गोळ्याच्या रूपात येतो, पाऊस यावा तसा. हसू येतं ते चिखलाचं, गळक्या छपराचं, त्याच त्या जॅमच्या डब्यांचं, केस कापताना डोक्यावरून जाणाऱ्या गोळ्याचं. युद्धाच्या भांड्यांवर शंभर वर्षांत झालेला बदल मला यात दिसतो, आणि तो कळायला नेपोलियनपर्यंत मागे जावं लागतं.

१८०३ ते १८०५ या काळात नेपोलियनची फौज फ्रान्समधल्या बुलोनच्या किनाऱ्यावर, इंग्लिश खाडीपलीकडे तळ ठोकून बसली होती. चढाईसाठी सपाट होड्या बांधल्या जात होत्या. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांत लोक धसका घेऊन होते. मुलं झोपेनात तर ‘बोनी येईल हं’ म्हणून दटावायचे (बोनी म्हणजे नेपोलियन बोनापार्ट), आपल्या बागुलबुवासारखं. ह्याच धसक्याच्या दिवसांत स्टॅफर्डशायर, लिव्हरपूल आणि संडरलंडच्या कुंभारांनी नेपोलियनची टवाळी करणारे मग (कान असलेले पेले) आणि जग (ओतायची भांडी) बाजारात आणले. मोठी जोडी नेहमीची: एकीकडे गलेलठ्ठ, लालबुंद जॉन बुल, म्हणजे इंग्लंडचा सामान्य माणूस, आणि समोर भल्यामोठ्या टोपीखाली हरवलेला इवलासा बोनी. लंडनच्या जेम्स गिलरे यांनी १८०३ मध्ये एक व्यंगचित्र काढलं होतं, राजा तिसरा जॉर्ज तळहातावर उभ्या केलेल्या चिमुकल्या नेपोलियनला दुर्बिणीतून न्याहाळतोय. खरा नेपोलियन सुमारे १६८ सेंटिमीटर उंच होता, त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने मुळीच बुटका नव्हे. तो बुटका झाला तो अशा व्यंगचित्रांनी, आणि ही चित्रं दुकानाच्या काचेतून घराघरांतल्या फळीवर पोचली ती कुंभारांमुळे.

याच १८०३ च्या सप्टेंबरची २३ तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. असईची लढाई, जालन्याकडच्या मुलखात, शिंदे आणि भोसले एका बाजूला आणि आर्थर वेलस्ली दुसऱ्या. इंग्लंडात कुंभार बोनीची मस्करी भाजत होते त्याच महिन्यात हे झालं. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि स्पेनमधल्या विजयांनंतर त्याचं घोड्यावरचं चित्र शेकडो जगांवर छापलं गेलं. इथल्या एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तो जग समोर आला की मी क्षणभर थबकते. दुकानदाराला त्यात वॉटर्लू दिसतं. मला केळणा नदीचा काठ दिसतो.

ही चित्रं भांड्यावर चढायची कशी, हे सांगते, कारण खरंखोटं ओळखायला तेच उपयोगी पडतं. आधी तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं. तो पत्रा गरम करायचा, तेलात खललेला रंग कोरलेल्या रेघांत भरायचा, वरचा रंग पुसून काढायचा. त्यावर पातळ कागद दाबून छाप उचलायचा. हा ओला छाप कात्रीने कापून मुली भांड्यावर बसवायच्या आणि ताठ कुंच्याने घासघासून रंग भांड्यात उतरवायच्या. मग भांडं पाण्यात बुडवलं की कागद सुटून येतो आणि रंग राहतो. त्यानंतर झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, आणि पुन्हा भट्टी. काही भांड्यांवर झिलईच्या वरही छापत. लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी १७५६ मध्ये शपथेवर सांगितलं होतं की सहा तासांत आम्ही १२०० हून जास्त टाइल्स छापल्या. हाताने रंगवायला किती माणसं लागली असती विचार करा. हा वेग आला म्हणूनच ताज्या बातमीवरची थट्टा भांड्यावर येऊ शकली. बातमी शिळी व्हायच्या आत मग विकायला तयार.

कागद गोल भांड्यावर बसवताना तो कुठेतरी जोडावा लागतो. म्हणून जुना मग हातात आला की मी आधी चित्र बघत नाही, कान धरते आणि त्याच्या आसपास जोड शोधते. तिथे रेघा थोड्या चुकलेल्या असतात, एखादी वेल अर्धवट तुटून दुसऱ्याच पानाला जुळलेली असते, कधी कागदाची सुरकुती पांढऱ्या केसासारखी राहून गेलेली असते. मग बूड. नेपोलियनच्या काळातल्या पुष्कळ भांड्यांच्या झिलईत निळसर झाक असते आणि बुडाच्या कडेच्या खोबणीत ती साचून स्पष्ट दिसते, नीळ घातलेल्या पाण्यासारखी. आपण माठ घेताना टिचकी मारतो तशी इथेही मारायची. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे किंवा कान मागाहून चिकटवलाय. आणि बुडाखाली नुसतं ‘इंग्लंड’ छापलेलं असेल तर भांडं साधारण १८९१ नंतरचं, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं. नेपोलियनचा मग आणि खाली ‘मेड इन इंग्लंड’, असं काही कुणी दाखवलं तर नमस्कार करून पुढे निघायचं.

एक चूक सांगते, तुमच्या हातून होऊ नये म्हणून. पहिला नेपोलियनचा मग घेतला तेव्हा तो मळकट दिसत होता. मी तो गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजत ठेवला. सकाळी कान सुटून पाण्यात पडलेला, आणि कानाजवळच्या बोनीच्या टोपीचा रंगही गेलेला. तो भाग नंतर कुणीतरी दुरुस्त करून रंगवला होता हे मला कळलंच नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दोनशे वर्षं तगलेली वस्तू माझ्या मोरीत एका रात्रीत तुटली.

१८१२ मध्ये नेपोलियनची रशियात वाताहत झाली आणि भांड्यांवरची थट्टा आणखी क्रूर झाली. ‘जॅक फ्रॉस्ट’, म्हणजे माणसाचं रूप दिलेली थंडी, बोनीवर तुटून पडतेय असं चित्र आधी कागदावर आणि मग जगांवर आलं. रशियन अस्वल त्याला कवटाळतंय अशीही चित्रं आली. ती पाहताना माझं मन पूर्ण हसत नाही. त्या बर्फात लाखो माणसं गेली आणि त्यातले बहुतेक बोनी नव्हते, कुणाच्यातरी शेतावरून उचलून आणलेली पोरं होती. पण ते भांडं विकत घेणाऱ्या बाईला गेली कित्येक वर्षं बोनीची भीती झोपू देत नव्हती, हेही तितकंच खरं. तिच्या लेखी ती थंडी देवासारखी धावून आली होती. त्याच काळात रात्री खाटेखाली ठेवायच्या लघवीच्या भांड्याच्या आत, तळाशी, नेपोलियनचं डोकं बसवलेलं मिळायचं. याहून स्पष्ट मत कुणी काय देणार! दुसऱ्या महायुद्धात स्टोकच्याच क्राऊन डेव्हन नावाच्या भांड्यांत हीच युक्ती हिटलरवर वापरली गेली. ती भांडी कमी सापडतात. १९४२ पासून सरकारने देशातल्या विक्रीच्या भांड्यांवर नक्षी काढायलाच बंदी केली, आणि दहा वर्षं इथल्या लोकांनी कोऱ्या पांढऱ्या कपांतून चहा प्यायला.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल आणि कधी ब्रायटनला येणं झालं तर तिथल्या संग्रहालयात हेन्री विलेट यांचा संग्रह आहे. दारूचा धंदा असलेला हा श्रीमंत गृहस्थ नाजूक, महागडी पोर्सलिन सोडून गोरगरिबांच्या फळीवरची भांडी जमवत गेला, आणि ती त्याने कारखान्यांप्रमाणे न लावता विषयांप्रमाणे लावली: राजे, सैनिक, खलाशी, गुन्हे, दारू, धर्म. त्याचं म्हणणं असं की देशाचा इतिहास घरगुती भांड्यांवर वाचता येतो. मला ते पटतं. पुस्तकात सेनापतीला काय वाटलं ते सापडतं. खाडीकाठच्या कोळ्याच्या बायकोला काय वाटलं ते तिने पैसे मोजून घरी आणलेल्या मगवर सापडतं.

आता परत तुमच्या बशीकडे या आणि ती पालथी करा. मागे जे छापलंय त्याचा अर्थ असा: १९१७ च्या हिवाळ्यात, मुलगे खंदकांत स्वातंत्र्य आणि सुसंस्कृत जगासाठी लढत असताना, ही वस्तू स्टॅफर्डशायरच्या मुलींनी बनवली. कारखाना आपलं नाव छापतो हे नेहमीचं. कामगार बायकांची एवढी थेट दखल घेणारा ठसा मी दुसऱ्या कुठल्या इंग्लिश भांड्यावर पाहिलेला नाही.

ते वाक्य जाहिरातीसाठी लिहिलं गेलं असेल, असणारच. तरी या गावात राहिल्यावर ते वेगळं वाचलं जातं. १३ ऑक्टोबर १९१५ ला होहेनझोलर्न रिडाउट नावाच्या जर्मन मोर्च्यावर ४६ व्या डिव्हिजनने हल्ला केला. त्यात नॉर्थ स्टॅफर्डशायर रेजिमेंटच्या पलटणी होत्या, म्हणजे याच कुंभारगावांतली पोरं. डिव्हिजनची साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, बरीचशी पहिल्या काही मिनिटांतच. मृत्यू कळवणारी पत्रं इथे गल्लीगल्लीत आली. दोन वर्षांनी त्याच गल्ल्यांतल्या मुली कारखान्यातल्या बाकांवर बसून खड्ड्यातल्या ओल्ड बिलचं चित्र बशीवर बसवत होत्या. एक बशी, दुसरी बशी, दिवसभर. त्यांच्यापैकी कुणाचा भाऊ त्या वेळी तशाच खड्ड्यात होता, कुणाचा आता नव्हता. त्यांना तो विनोद कळत होता, आणि तो विनोद खंदकातूनच आलेला होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. नेपोलियनच्या मगवर घरात बसलेले लोक शत्रूला हसत होते, भीती आटोक्यात ठेवायला. तुमच्या बशीवर सैनिक स्वतःच्या हालांना हसतोय आणि घरच्यांना सांगतोय की मी अजून बोलण्याइतका शाबूत आहे. त्या काळात काही शिष्ट मंडळींना ही चित्रं हिणकस वाटली, आमचे वीर असे गबाळे दाखवता म्हणून ते रागावले. खंदकातल्या माणसांनी मात्र ती कापून कापून भिंतींवर चिकटवली. शेवटी लष्करानेच बेअर्न्सफादर यांना अधिकृत चित्रकार म्हणून फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकन फौजांकडे पाठवलं.

बशी पुण्यात कशी आली असेल, याचा माझा तर्क साधा आहे. कॅम्प आणि खडकीतल्या बंगल्यांमधून साहेब लोक गेले तेव्हा भांडीकुंडी मागे राहिली, विकली गेली, वाटली गेली. त्या युद्धात मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. त्यांच्या हालांची अशी बशी कुणी छापली नाही, हे मला ओल्ड बिलची बशी हातात घेतल्यावर दर वेळी आठवतं.

किंमत. ही भांडी पुष्कळ निघाली आणि पुष्कळ टिकली, त्यामुळे साधी बशी इथे पौंडांच्या दोन आकड्यांतच जाते. टवका उडालेला असेल तर आणखी कमी. नकली असण्याची धास्ती बाळगू नका, एवढ्या किमतीच्या वस्तूची नक्कल करून कुणाच्या हाती काय लागणार? नकलांचा सुळसुळाट आहे तो संडरलंडच्या गुलाबी झळाळीच्या जगांत आणि आत मातीचा बेडूक बसवलेल्या मगांत. पथारीवाल्याने तुमच्याकडून दोन-तीन हजारांपेक्षा जास्त घेतले असतील तर मात्र महाग पडली.

जपायची कशी तेवढं सांगून थांबते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस. ब्लीच अजिबात नको, झिलईवरच्या बारीक तड्यांतून आत शिरून ते महिन्यांनी झिलई उकलतं. डिशवॉशर नको. तिच्यात लिंबू, चिंच, लोणचं वाढू नका, त्या काळच्या झिलईत शिसं असे. भिंतीवर लावणार असाल तर स्प्रिंगच्या तारेचा हँगर आवळून बसवू नका, काठाला तडा जातो. लाकडी पाटावर किंचित मागे रेलून उभी करा, पण अशा जागी की अधूनमधून काढून पालथी करता येईल, कारण आलेल्या माणसाला मागचा ठसा दाखवायचा असतो.